गुरुवारी साडेपाच

दांडेकर पुलापाशी झेरॉक्सच्या दुकानावर
एक खोली आहे. पंखा दोनवरच फिरतो.
तिथे मला बसवलंय, दर गुरुवारी साडेपाचला,
पोरांना कामाला लावायला.
म्हणजे, तसं म्हणतात.
मी भोसरीत चौतीस वर्षं इन्स्पेक्शनला होतो.
माझ्या हातून सुटलेला जॉब कधी परत आला नाही.
(खोटं. दोनदा आला.)

निहाल लोंढे. जनता वसाहत, वरची गल्ली.
औंधचा आयटीआय, फिटर, त्रेसष्ट टक्के.
फायलीचं बटण तुटलेलं, म्हणून
तिला केसांचं रबर लावलेलं, गुलाबी.
बहिणीचं असेल. मी विचारलं नाही.

पहिल्या गुरुवारी त्याला खुर्चीत बसायला शिकवलं.
दुसऱ्या गुरुवारी "स्वतःबद्दल सांगा".
म्हणाला, काय सांगू, कागदावर आहेच की.

कागदावर दोन वर्षांची फट होती.
हे विचारणारच, मी म्हटलं,
आणि सुचलं म्हणून सांगून टाकलं :
शाफ्ट आणि बुश, दोघांत फट ठेवावीच लागते,
तेलाला जागा हवी. घट्ट बसवलं की जाम.
मला फार आवडलं माझं वाक्य.
तो खाली बघत म्हणाला,
"सर, ते मशीनचं झालं."

मग आम्ही एक उत्तर बनवलं.
"या काळात मी माझी कौशल्ये वाढवत होतो."
अकरा गुरुवार कानस मारली त्याला.
"वाढवत होतो"शी आला की तो खिडकीकडे बघायचा.
मी म्हणायचो, डोळ्यांत बघ.

माझी स्वतःची मुलाखत एकच झाली, त्र्याऐंशी साली.
मेहुण्याने गेटवरून हाक मारली,
साहेबाने माझे हात उलटेसुलटे पाहिले,
म्हणाला, उद्यापासून ये.
हे त्याला सांगितलं नाही.

रांजणगावला नाही झालं. तळवड्याचे म्हणाले, कळवतो.
मी जुन्या ओळखी काढल्या. निम्मे वारलेले,
उरलेल्यांनी माझी शुगर विचारली.
बारावा गुरुवार कोरा. फोन बंद.
तेरावाही.
दोन चहा सांगून ठेवलेले, दोन्ही मीच प्यायलो.

चौदाव्याला आला, सात वाजून गेल्यावर,
त्याच्या आधी जिन्यात कूलंटचा वास.
तो मी झोपेतही ओळखीन.
चाकणला लागलाय. सोमवारपासून.
"गॅपचं विचारलं?"
"विचारलं."
"मग म्हणालास ना, आपलं ते..."
"नाही सर. तोंडातून आलंच नाही.
म्हटलं, आईला डायलिसिसला न्यायचो, ससूनला,
आठवड्यातून दोनदा. मार्चमध्ये गेली.
ते म्हणाले, दोन वर्षांत एकदाही चुकलं नाही?
म्हटलं, एकदा. रिक्षावाला वर यायला नाही म्हणाला."

म्हणजे रबर बहिणीचं नव्हतं.

अकरा गुरुवार हा माझ्यासमोर बसला होता
आणि मी, चौतीस वर्षं इन्स्पेक्शनला,
फट किती ते पाहिलं,
फटीत कोण ते पाहिलं नाही.
काय बोलावं कळेना. म्हटलं,
"सेफ्टी शूज दिले?"
"पगारातून कापणार."
"एक नंबर मोठे घे. रात्रपाळीत पाय सुजतात."
"घेतलेत."
चहाचे पैसे त्याने दिले. मी देऊ दिले.

आज नवी मुलगी आलीय. नसरीन मुलाणी, अप्परची.
फाईल पुढे सरकवली तिने.
मी ती तिथेच राहू दिली.
"कशी आलीस?"
"चालत."
"एवढ्या लांबून?"
ती पंख्याकडे बघते.
सांगावं की नाही, मापून बघतेय.
बघू दे.
खाली दोन चहा सांगितलेत,
आणि मला कुठे जायचंय.